जरिनाभाभींकडून न निघालेली रेष

सणसरच्या बायकांना मन मोकळं करायला एकच जागा, जरिनाभाभींचं बांगड्यांचं दुकान. बाईचा हात त्यांच्या हातात गेला की तिचं तोंड आपोआप सुटायचं. हात दाबत, बांगडी चढवत त्या नुसतं "व्हय गं" म्हणायच्या. ऐकलेलं कधी कुणाजवळ बोलल्या नाहीत. आमच्या गावात असं दुसरं माणूस दाखवा, मी नाव बदलीन!

मी बारामतीला कॉलेजात शिकते. एकाची काळजी दुसऱ्याकडे कशी जाते, ते जाळं संगणकावर मांडायचं, हा माझा प्रकल्प. प्रत्येक बाई म्हणजे एक ठिपका. ती मनातलं जिला सांगते, तिच्याकडे रेष. गावभर विचारत हिंडले. सगळ्या रेषा जरिनाभाभींकडे आल्या, त्यांच्याकडून मात्र एकही निघेना. जाळं चालवून पाहिलं, तर मधला, भाभींचा ठिपका फुगत गेला आणि विझला. माझा आगाऊपणा बघा, ते मी त्यांनाच नेऊन दाखवलं.

त्या हसल्या नाहीत.

"असंच व्हायलंय, अबोली. दुपारचा डोळा लागला की मी बोलती म्हणं. आमची सून, अनिसा, भ्याया लागलीय. म्हणती, आवाज तुमचा न्हाय, बांगड्या भराया येती त्या म्हाळसाकाकूचा हाय." त्यांचे डोळे भरून आले. "माझं सोताचं आत काय ऱ्हायलंय का, तेवढं बघ बाई."

मला फार वाईट वाटलं. उपाय सोपा वाटला, एक रेष बाहेर काढायची. म्हटलं, "आज तुमी हात द्या. मी बांगड्या भरते."

त्यांचा हात गार होता. बांगडी चढू लागली तशा त्या बोलू लागल्या. आधी म्हाळसाकाकू बोलली, मग गावातल्याच दादासाहेबांची सून. आवाज अगदी जिचा तिचा. कोपऱ्यात बसलेली अनिसा उठून दारात जाऊन उभी राहिली. पुढचा आवाज आला. तो माझ्या आईचा होता. मी शाळेत असतानाच ती गेली.

"अबोली झाली तवा मी तिला जवळ घेतली न्हाय, भाभी. पाजलीबी न्हाय. तिला कळू दिऊ नका."

मला रडू फुटलं. पण हात सोडला नाही.

"कळलं गं आई. आता भाभींना बोलू दे."

आवाज थांबला. मी पुढची बांगडी चढवली. जरिनाभाभींचे ओठ हलत होते, पण त्यांचा स्वतःचा आवाज काही बाहेर येत नव्हता.