गल्लीचं पेट्रोल

पुराच्या कामासाठी सुरतला निघायचा हुकूम आला, त्या संध्याकाळी मी आणि नाईक बालाजी बोट स्टोअरमध्ये इंजिन तपासत होतो. मी इंजिनिअर रेजिमेंटमध्ये हवालदार, बोटीच्या मोटारीचा ऑपरेटर. बालाजी माझा बो-मॅन, म्हणजे बोटीच्या नाकाशी बसून दोर आणि वल्हं सांभाळणारा. नांदेडकडचा गडी, तोंडाने फटकळ.

आमच्या मोटारीचं दुखणं पेट्रोलचं होतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळलेलं असतं आणि ते हवेतली ओल ओढतं. मोठ्या गाड्यांचं फारसं बिघडत नाही, पण छोटं इंजिन चार महिने उभं राहिलं की कार्ब्युरेटर चिकटतो. म्हणून आम्ही टाकीत मापाने स्टॅबिलायझर घालायचो. बालाजी त्याला टॉनिक म्हणायचा. थोडी ओल असेल तर टॉनिक सांभाळून घेतं. पाणी एकदा वेगळं होऊन तळाला बसलं की कुठलंच औषध चालत नाही. ही गोष्ट आम्ही दोघं पुरते जाणून होतो, आणि म्हणूनच पुढे आमची घाबरगुंडी उडाली.

सुरतमधली डिंडोली म्हणजे माझं घर. वडील अमळनेरकडून येऊन इथे कापडाच्या लूमवर लागले, मी इथल्याच शाळेत शिकलो. ज्या रस्त्यावर सायकल शिकलो त्याच रस्त्यावर आता बोट चालवत होतो. खाडी फुटून गल्ल्यांमध्ये शिरली होती. दुपारपर्यंत फेऱ्या नीट झाल्या. मग आमचे जेरीकॅन संपले आणि पेट्रोल घेऊन येणारा ट्रक शहराबाहेर कडोदऱ्याला पाण्यात अडकला.

तेवढ्यात खबर आली की खाडीपलीकडे एका लूम कारखान्याच्या पत्र्यावर कामगार आणि त्यांची बायकामुलं चढून बसली आहेत, आणि एका बाजूची भिंत गेली आहे. बोट बांधली होती त्या घराच्या गच्चीवरून ती माणसं दिसत होती. कुणीतरी लाल कापड हलवत होतं.

पेट्रोल हवंय हे गल्लीला कळलं. कुणाला सांगावं लागलं नाही. लोकांनी आपापल्या मोटरसायकलींच्या टाक्या रिकाम्या केल्या आणि बाटल्या, कॅन, तांबे घेऊन जिन्यात रांग लावली. माझ्या ओळखीच्या सुमनमावशी मुलाच्या गाडीतलं पेट्रोल तेलाच्या डब्यात भरून घेऊन आल्या.

"भाऊ, मन्हा पोऱ्यानी गाडीमझारलं शे. टाक तुन्ही बोटमा."

मी डबा बाजूला ठेवला. यातल्या निम्म्या गाड्या रात्रभर पाण्यात उभ्या होत्या. आम्ही प्रत्येकाचं पेट्रोल पाण्याच्या पारदर्शक बाटल्यांत वेगवेगळं ओतलं आणि कठड्यावर मांडून ठेवलं. पाणी असेल तर खाली थर बसतो. पण तो बसायला वेळ लागतो, आणि समोर लाल कापड हलत होतं.

रेडिओवर कॅप्टन साहेब होते. "बोट क्यों नहीं निकली? ओवर."

"साहब, पेट्रोल बैठ रहा है. ओवर."

रेडिओ खरखरला. मग, "जल्दी बिठाओ. आउट."

एरवी यावर आम्ही हसलो असतो. सरहद्दीवर भीती वाटायची तेव्हा हाताला काहीतरी काम असायचं. इथे हात बांधून बाटल्यांकडे बघत उभं राहायचं होतं. इंजिन खाडीवरच्या पुलाजवळ बंद पडलं तर पाणी बोट थेट कमानीखाली ओढणार, एवढं एकच डोक्यात घुमत होतं.

मावशींच्या पेट्रोलमध्ये बोटभर गढूळ थर बसला. मावशी तिथेच उभ्या होत्या, नजर आमच्यावर. बालाजीने बाटल्या उचलल्या, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या आड गेला, सगळं एका रिकाम्या जेरीकॅनमध्ये ओतून झाकण लावलं आणि रिकामा डबा त्यांच्या हातात दिला.

"टाकीत घातलं बघा, माय. आता तुमच्याच पेट्रोलवर जाऊलालो."

मावशींचा चेहरा उजळला. मी बालाजीकडे पाहिलं, त्याने डोळा मारला. जे पेट्रोल स्वच्छ उतरलं तेवढं आम्ही कापडातून गाळून बोटीच्या टाकीत घेतलं, त्यात ऑइल मिसळलं आणि टॉनिकची शेवटची बाटली ओतली. निघालो.

जाताना माझे कान इंजिनाला चिकटलेले. एकदाही ते खोकलं नाही. माणसं उतरवून घेतली, बोट वळवली. पुलाच्या वरच्या अंगाला आलो आणि इंजिन एका दणक्यात बंद पडलं.

मला वाटलं, पेट्रोलमध्ये पाणी आलं. पण पाण्याने इंजिन आचके देत मरतं, असं एकदम नाही. बालाजीने मागे वाकून पाहिलं. कुठल्याशा कारखान्यातून वाहून आलेला साडीच्या कापडाचा अख्खा ताका मोटारीच्या पाण्यातल्या पंख्याला गुंडाळला होता. आम्ही पेट्रोलला भीत होतो आणि पाय धरले कापडाने.

वरून हात पोचेना. बालाजीने लाइफ जॅकेट काढलं, कारण ते घालून पाण्याखाली जाता येत नाही. कमरेला दोर बांधला, चाकू दातात धरला आणि उतरला. बोट कमानीकडे सरकत होती. मुलं रडत होती. तो दोनदा वर आला, तिसऱ्यांदा म्हणाला, "कापड निघालं. ओढा मला, हवालदारसाब."

तेवढ्यात एक मोठं लाकूड वाहत येऊन त्याच्यावर आदळलं. दोर ताणला गेला आणि एकदम सैल पडला. मी हाक मारली. दोर ओढून घेतला, तो रिकामाच आला. कमान समोर होती आणि बोटीत माणसं होती. मी इंजिनाची दोरी ओढली. इंजिन पहिल्याच ओढीत सुरू झालं. मी बोट काठाला नेली. माणसं उतरवून परत शोधायला गेलो, पण बालाजी दुसऱ्या दिवशी पुलाच्या खालच्या अंगाला सापडला.

निवृत्त झाल्यावर मी डिंडोलीत दुरुस्तीचं दुकान टाकलं. फवारणी पंप, गवत कापायची मशीन, छोटे जनरेटर. बारडोलीचे शेतकरीही येतात. मी सगळ्यांना टॉनिक घालायला सांगतो, आणि ते विचारतात, "फौजी, मशीनला दारू पाजतोस का?"

एका दुपारी सुमनमावशी आल्या. स्टुलावर बसल्या.

"भाऊ, एक इचारू? तो पोऱ्या मन्हा पेट्रोलमुये गया का रे?"

मी हातातलं काम खाली ठेवलं. इतकी वर्षं ही बाई हे उरावर घेऊन जगत होती. मी त्यांना सगळं सांगितलं. कापडाचा ताका, लाकूड, दोर. आणि हेही सांगितलं की त्यांचं पेट्रोल टाकीत गेलंच नव्हतं.

"मंग मन्हासंगे खोटं काबर बोलना?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, मावशी."

त्या पदर तोंडाला लावून रडल्या. म्हणाल्या, "येडा पोऱ्या. माले काय राग येता का?"

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. हातात तोच तेलाचा डबा होता, आत पंपावरून आणलेलं ताजं पेट्रोल.

"बालाजीना नावनं शे. आते तरी टाक."

मी ते पारदर्शक बाटलीत ओतलं आणि दुकानापुढच्या कठड्यावर ठेवलं. आम्ही दोघं बाटलीकडे बघत बसलो. तळापर्यंत स्वच्छ होतं. टेबलावर दुरुस्त करून ठेवलेला फवारणी पंप होता. त्यात ते घातलं, एक झाकण टॉनिक घातलं आणि पंपाची दोरी मावशींच्या हातात दिली.

पंप पहिल्याच ओढीत सुरू झाला.