मोजलंय का अंदाज?

नरसय्यामामांना मी पहिल्यांदा भेटलो, तेव्हा त्यांनी नमस्काराआधी माझ्या खांद्यावरचा पंचा ओढून घेतला. डोळे मिटले, काठावरून अंगठा फिरवला. "तीन धागे तुटलेत." घरी येऊन मी सुईच्या टोकाने मोजले. तीनच.

मामा आमचे शेजारी. चादरीच्या कारखान्यात मागावर नवा बीम, म्हणजे ताण्याच्या उभ्या धाग्यांचा रूळ, चढला, की जुन्या ताण्याचे हजारो धागे नव्या धाग्यांना बोटांनी पीळ देऊन जोडायचे, हे त्यांचे काम. बोलणे मराठीत, मोजणे मात्र तेलुगूत, ओठांतल्या ओठांत. कुणी "शंभरेक" म्हटले की विचारत, "मोजलंय का अंदाज?"

दोन वर्षांपूर्वी मालाच्या रिक्षाने त्यांच्या सायकलला धडक दिली. डोके आपटले. स्कॅन स्वच्छ निघाला. डॉक्टर म्हणाले, मेंदूला सौम्य इजा आहे, पण मेंदू दमलाय. एकदम कामावर जाऊ नका, आधी रोज दोन तास, मग हळूहळू वाढवा. मालकही तयार झाला. पण मागांचा खडखडाट सुरू झाला की मामांचे डोके भणभणे आणि मोजणी सुटे. दोन तासांनी ते भिंतीला धरून घरी येत.

त्यांचा अपघात विमा होता. बरे होईपर्यंत दर आठवड्याला पैसे मिळत, त्यावर घर चाले. दरमहा फॉर्म मीच भरायचो. 'या काळात काम केले का?' असा एक रकाना होता. मी पेन थांबवले.

"खरं हाय ते लिव्ह की सुधाकर," मामा म्हणाले. "दोन तास म्हंजे दोन तास."

मी तसेच लिहिले. वीस दिवसांनी पत्र आले: विमाधारक कामास समर्थ आहे, सबब भरपाई बंद.

मी तीन अर्ज केले. उत्तरे दोन आली, दोन्हींत तेच वाक्य. शेवटी आम्ही कार्यालयात गेलो. तिथला अधिकारी सभ्य होता. म्हणाला, "काका, पूर्ण घरी बसला असता तर मिळालं असतं. नियमच तसा आहे. आणि इजा सौम्यच आहे ना?"

"सौम्य कुणाला, साहेब? मला का तुमाला?"

तो कागद चाळत राहिला.

पुढच्या सोमवारपासून मामा पूर्ण पाळीवर जाऊ लागले. मामींनी दारात वाट अडवली, तर म्हणाले, "सरक की. चूल काय डॉक्टर पेटवणार हाय?" नवव्या दिवशी जोडताना त्यांची मोजणी सुटली. लाल पट्ट्याचे धागे पांढऱ्यांना जोडले गेले. माग सुरू झाल्यावर चादरीतला पट्टा मध्येच फुटला. सगळी जोडणी कापावी लागली. मालक रागावला नाही. मामाच म्हणाले, "उद्यापास्नं दुसरा माणूस बघा. ह्या हाताचा भरवसा न्हाय."

आता ते ओट्यावर बसून असतात. परवा त्यांनी माझा पंचा मागून घेतला. डोळे मिटून काठावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"दोन तुटलेत. बघ बरं."

मी पंचा उजेडात धरला. चार होते.

"दोनच आहेत, मामा."

"मोजलंय का अंदाज?"

"मोजलंय," मी म्हणालो.