कुंपणापलीकडे उज्ज्वला

रविवार, २० जुलै. सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे झाली होती. आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, त्या दिवशी रोवणीचा शेवट होता आणि मी अंगणात पिण्याच्या पाण्याचा माठ धूत होतो. फोन वाजला. नंबर अमेरिकेचा होता, आवाज मात्र माझ्या मुलीचा, उज्ज्वलाचा, नव्हता. मार्ता बोलत होती. उज्ज्वला कॅलिफोर्नियातल्या ज्या छोट्या गावात राहायची, तिथे मार्ता तिच्याबरोबर काम करते. मूळची मेक्सिकोची, द्राक्षांच्या मळ्यांत मजुरी करून उभी राहिलेली बाई. इंग्रजी तिलाही परकी आणि मलाही, त्यामुळे आडवळणाने काही सांगणे तिला जमले नाही. सभेहून परतताना समोरून ट्रक आला, उज्ज्वला जागीच गेली, एवढेच तिने सांगितले. मी 'हो' म्हणालो. हातातला माठ खाली ठेवायचेही सुचले नाही.

मार्ताने फोन ठेवला नाही. तिला एक गोष्ट विचारायची होती आणि ती विचारताना ती रडत होती. संस्थेचे लोक उज्ज्वलाला भारतात पाठवायला तयार होते, त्याची काळजी नको, असे तिने आधी सांगितले. मग म्हणाली, "पण तुम्ही परवानगी दिलीत तर आम्हाला ती इथे हवी आहे." त्या गावाच्या दफनभूमीत मधोमध तारेचे कुंपण आहे. एका बाजूला मळेवाल्यांची घराणी, हिरवळ आणि पाण्याचा नळ. दुसऱ्या बाजूला मेक्सिकन मजूर, धूळ आणि नाव पुसट झालेले लाकडी क्रूस. असा नियम कुठेही लिहिलेला नाही. मजुरांपैकी कोणी पलीकडची जागा विचारली की 'जागा नाही' असे उत्तर मिळते, इतकेच. हे कुंपण निघावे म्हणून उज्ज्वला दोन वर्षे झगडत होती. शेवटी दफनभूमीच्या समितीने सांगितले होते की एखाद्या कुटुंबाने रीतसर मागणी केली तर विचार करू. मागणी कोणी केली नव्हती, कारण मजुरांची घरे आणि कामे त्याच मळेवाल्यांच्या हातात. समिती तिथल्या रविवारी सकाळी, म्हणजे आमच्या त्याच रात्री, बसणार होती. "समितीच्या लेखी ती आमच्यातलीच," मार्ता म्हणाली. "तुम्ही बाप आहात. तुमच्याकडून ते काहीही काढून घेऊ शकत नाहीत. तुम्ही मागाल का?"

मी संध्याकाळपर्यंतचा वेळ मागून घेतला आणि घरात जाऊन शांताला, माझ्या पत्नीला, दोन्ही गोष्टी सांगितल्या. पहिली ऐकून ती भिंतीला टेकली. दुसरी तिने पुरती ऐकली नाही.

"मले तिचं तोंड पायचं आहे," ती म्हणाली. "बाकी मले काई सांगू नोका."

उज्ज्वला आमची एकुलती मुलगी. घरात उजू. लाखांदूर तालुक्यातल्या आमच्या गावात छप्पन सालापासून आम्ही बौद्ध. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली आणि वडिलांची थोडी जमीन राखली. वडील वारले तेव्हा उजू शाळेत जाऊ लागली होती. धो धो पावसाचे दिवस होते. गावाची स्मशानभूमी तळ्याच्या वर, तिला बैलगाडीचा रस्ता. आमची तळ्याच्या खाली आणि तिच्याकडे जाणारी वाट इतरांच्या शेतांतून. पावसाळ्यात ती वाट राहत नसे. आम्ही वडिलांना खांद्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून, कोणाचे धान तुडवले जाऊ नये म्हणून बांध चाचपडत नेले. उजू हट्टाने माझ्या सदऱ्याला धरून चालली होती.

"बाबा, रस्ता तर तिकडून आहे. आजोबाले पाण्यातून काहून नेऊन राहिले?"

"तो रस्ता आपला नाही."

"मंग आपला कोणता आहे?"

खरे उत्तर तिला दिसतच होते. पण हा प्रश्न तिने सोडला नाही. नागपूरला समाजकार्याचे शिक्षण घेत असताना ती दर सुटीत गावी येई आणि रोवणीच्या बायकांमध्ये बसे. कोणाच्या घरचे माणूस कोणत्या पावसात कसे न्यावे लागले, हे तिने प्रत्येकीला बोलायला लावले. मग त्या साऱ्या बायकांना घेऊन ती ग्रामसभेला गेली. एका वयस्क सभासदाने तिला अडवले. "पोरी, तुह्या बापानं कधी तोंड उघडलं नाही, तू कायले बोलून राहिली?" मी तिथेच बसलो होतो. ती म्हणाली, "काका, त्यायचं तोंड सरकारी नोकरीनं बांधून ठेवलं होतं. माझं रिकामं आहे." सभा हसली, तो सभासदही हसला. रस्ता व्हायला पुढे बराच काळ गेला, पण झाला. आज तळ्याखालच्या स्मशानभूमीपर्यंत मुरमाचा रस्ता आहे आणि तो सगळ्यांच्या बैलगाड्यांना चालतो.

शिष्यवृत्ती मिळून ती अमेरिकेला गेली, तेव्हा आम्हाला वाटले की ही मोठ्या शहरात, मोठ्या इमारतीत राहील. शिक्षण संपताच ती शेतांच्या गावी गेली. मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडच्या देशांतून आलेल्या स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांना तिकडे लॅटिनो म्हणतात. त्यांच्यातले हजारो लोक त्या मळ्यांत राबतात. काहींच्या पिढ्या तिथे गेल्या, काही कालपरवा आलेले. सगळ्यांकडे पाहण्याची नजर मात्र एकच, असे तिने एकदा सांगितले होते. तिने त्यांची भाषा शिकून घेतली. मतदारयादीत नावे घालणे, घर रिकामे करण्याची नोटीस आली की सोबत जाणे, परदेशी लोकांचे कागद तपासणारे अंमलदार दारात आले तर काय बोलावे आणि काय बोलू नये हे चर्चच्या दालनात बायकांना शिकवणे, असे तिचे दिवस जात. तिथल्या शाळेच्या सभा फक्त इंग्रजीत चालत आणि आयांना त्यांचीच मुले सांगत, गुरुजी काय म्हणाले ते. उजूने एका सभेत उठून आपले सगळे म्हणणे स्पॅनिशमध्ये मांडले आणि खाली बसली. मंचावरच्या कोणाला काही कळले नाही. कोणी तरी विचारले, याचा अर्थ काय? ती म्हणाली, "तुमच्या मुलाला विचारा." पुढच्या सभेपासून शाळेने दुभाषी ठेवला.

तिच्या कामातली सर्वांत गाजलेली गोष्ट मात्र एका चुकीची आहे आणि ती चूक आमच्या भागातला माणूसच करू शकतो. आमच्याकडे रोवणीच्या शेवटच्या दिवशी, शेवटची जुडी चिखलात रोवून झाली की बायका मालकाला गाठतात आणि त्याच्या गालाला चिखल लावतात. तोवर काम पुरे झाले असे धरत नाहीत. ज्याला चिखल लागला त्याने त्या संध्याकाळी साऱ्यांना जेवू घालायचे. मालक कितीही मोठा असो, त्या क्षणी त्याने रागवायचे नसते. उजू लहानपणी बायकांच्या आधी धावत येऊन मला चिखल लावायची.

एका सकाळी तिचा फोन आला. "बाबा, आज पोलीस आले होते."

"काय केलंस?"

"मळेवाल्याच्या गालाले चिखल लावला."

"भांडण झालं?"

"नाही ना! समझोता झाला. म्हणून तर लावला."

मजुरांना उन्हात काम करताना सावली आणि प्यायला थंड पाणी मिळावे म्हणून ते भांडण कित्येक महिने चालले होते. म्हाताऱ्या मळेवाल्याने अखेर मान्य केले, तेव्हा ही आनंदाच्या भरात वाकली, पाटातला चिखल उचलला आणि त्याच्या गालाला लावला. त्याच्या मुलाने पोलीस बोलावले. "मले वाटलं, शेतीवाल्या माणसाले एवढं तर माहीत असन," उजू म्हणत होती. पोलिसाने विचारले, तू याला मारलेस का? हिने त्याला सगळी रीत समजावून सांगितली. ते ऐकून म्हाताऱ्याने एवढेच विचारले, "म्हणजे आता मला यांना जेवू घालावे लागेल?" हिने हो म्हटले. पुढच्या आठवड्यात त्याने आपल्या अंगणात सर्वांना जेवू घातले. मी तिला बजावले, "ती जागा वेगळी आहे. तिथे ही रीत नाही."

"आता आहे," ती म्हणाली.

शांताने माझ्या हातून फोन घेतला. जेवणात काय होते, हे तिला हवे होते. तिथल्या बायकांची मिरचीची चटणी तुझ्या ठेच्यापेक्षा जहाल आहे, असे उजूने तिला चिडवले. शांता म्हणाली, "मंग त्यायच्याच घरी राह्य. इकडं कायले येतं?" आणि दोघी कितीतरी वेळ हसत राहिल्या.

शेवटची भेट गेल्या हिवाळ्यातली. लाखांदूरच्या स्थानकावर मी तिला एसटीत बसवले. नागपूरपर्यंत गाडी करून देतो म्हटले, तर ऐकेना. खिडकीतून तिने मला जे सांगितले त्यात निरोपाचे काही नव्हते. "बाबा, पाण्याचा माठ घरी नोका ठेवू, बांधावर झाडाखाली ठेवत जा. अन् तुमीबी त्यातलंच पीत जा." हे ती शाळेत असल्यापासून सांगत आली होती आणि मी तसे करतही होतो. तरी दर खेपेला सांगायचीच. बस निघाली. मी सवयीने घड्याळ पाहिले आणि परत फिरलो.

त्या रविवारी बातमी कळताच यशोदाबाई आल्या. आमच्याकडे रोवणीला येणाऱ्या बायकांच्या त्या म्होरक्या. त्यांनी शांताला पोटाशी धरले आणि मग मला म्हणाल्या, "भाऊ, पऱ्हे कालच उपटून ठेवले आहेत. पाण्यात सडतीन. तुमी घरी राहा, आमी लावून देतो." उपटलेली धानाची रोपे कोणासाठी थांबत नाहीत. मी घरी राहिलो नाही. माठ उचलला आणि बांधावर गेलो. बायका दरवर्षी रोवताना गाणी म्हणतात, त्या दिवशी पाण्यात हात बुडल्याचा आवाज तेवढा येत होता. दुपारी शांताही आली आणि झाडाखाली माठाशेजारी बसली. दिवसभर मनाशी हिशेब मांडून पाहिला. एका बाजूला आईने मुलीचा चेहरा पाहणे होते. दुसऱ्या बाजूला ज्या कामात मुलगी गेली ते काम होते. दोन्हींना एकच माप लावता येईना.

उन्हे उतरली तेव्हा शेवटची जुडी लागली. बायका कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. सर्वांचे हात कोपरापर्यंत चिखलाचे होते, पण एकही बाई माझ्याकडे आली नाही. कोणी घरीही जाईना. मग शांता उठली. लुगडे खोचून बांधीत उतरली, ओंजळभर चिखल घेतला आणि माझ्यासमोर आली. तिने तो माझ्या गालाला लावला. तिने हात लवकर काढला नाही.

"काम झालं तिचं," ती म्हणाली. "राहू द्या तिले तिथंच. तारेच्या पलीकडं."

"शांता, तुला तिला पाहायचं होतं."

"तिचं तोंड मले पाठ आहे."

मी तिथूनच, बांधावर उभा राहून फोन लावला. मार्ता जागी होती. तिने माझे बोलणे ध्वनिमुद्रित केले, समितीपुढे वाजवता यावे म्हणून. कचेरीत आयुष्यभर वापरलेल्या इंग्रजीत मी सांगितले की मी उज्ज्वलाचा बाप आहे, आणि माझ्या मुलीसाठी कुंपणापलीकडे, मळेवाल्यांच्या बाजूला, जागा मागतो आहे. वाक्य मी दोनदा उच्चारले, नीट ध्वनिमुद्रित व्हावे म्हणून.

पुढचे थोडक्यात सांगतो. समितीत मतभेद झाले, पण नकार देणे कोणाला जमले नाही. उज्ज्वलाला मजुरांच्या वस्तीतून खांद्यावर नेले. मार्ताने मला लिहिले आहे की मोठ्या फाटकाकडून वळसा घालून न जाता लोकांनी कुंपणाचे चार लोखंडी खांब उपटले आणि तिला सरळ पलीकडे नेले. ते खांब अजून कोणी परत रोवलेले नाहीत. माती देऊन झाल्यावर बायकांनी समितीच्या लोकांच्या गालांना चिखल लावला. चिखल लावून घेणाऱ्यांत तो म्हातारा मळेवाला पहिला होता.

त्या रविवारी, फोन करून बांधावरून घरी आलो, तेव्हा आमच्या चुलीत जाळ नव्हता. जेवू घालण्याची पाळी मालकाची असते, पण यशोदाबाई आणि इतर बायका आपापल्या घरून भाकरी आणि वरण घेऊन आल्या आणि त्यांनी आम्हाला दोन घास खायला लावले. अंगणात बुद्धवंदना झाली. लोक परतले. दुसऱ्या दिवशी यशोदाबाईंच्या स्वतःच्या बांधीत रोवणी होती. उजेड अजून पुरता गेला नव्हता. मी आमच्या झाडाखालचा माठ रिकामा केला, आतून हात फिरवून धुतला आणि खांद्यावर घेऊन यशोदाबाईंच्या बांधावर गेलो. तिथे सावली पडेल अशी जागा पाहिली, तळाशी रेती पसरली, माठ बसवला, हातपंपावरून दोन खेपांत भरला आणि त्यावर झाकण ठेवले.