दसऱ्याची निळी माळ

अजून संताप होतो. कुणी 'मैत्रीण' म्हटलं की होतोच.

सोलापूरच्या प्रयोगशाळेत माझं काम जिवंत पेशींवर चालायचं. पेशीतल्या एका प्रथिनाला मी अशी शेपटी जोडली होती, की निळा उजेड पडत राहिला तर पेशी आपणहून त्या प्रथिनाचे तुकडे करून टाकायची. अंधारात ते टिकायचं, हिरवं चमकायचं. म्हणून पेशी वाढवायच्या उबदार पेटीची काच मी काळ्या कागदानं झाकली होती. अंधारातल्या पेशींच्या बशा चमकल्या तरच प्रयोग खरा, नाहीतर दोन वर्षं पाण्यात.

नेमका दसरा आला. मला मैंदर्गीला घरी जायचं होतं. "तू जा की बिनघोर, मी हाय ना," प्रयोगशाळेतली माझी मैत्रीण म्हणाली. आम्ही एका डब्यात जेवायचो. मी गेले.

परतले तर एकही बशी चमकेना. सर म्हणाले, "तुला साधा अंधार सांभाळता येत नाही?" आणि मला प्रयोगावरून काढून तो मैत्रिणीला देऊन टाकला. मला वाटलं, चुकलंच असेल आपलं काहीतरी.

महिन्याभरानं झाडणाऱ्या मावशी सहज बोलून गेल्या, "ताई, खंडेनवमीला लई झकास पूजा केली की तुमच्या मैत्रिणीनं. कागद काढून पेटीला निळ्या लाइटची माळ! दुसऱ्या दिवसापर्यंत चालूच व्हती. मग घाईघाईनं काढली, कागद व्हता तसा चिकटवला."

पायाखालची जमीनच सरकली. पूजेचा राग नाही हो. तिच्या घरी माग, यंत्राला हळदीकुंकू वाहिल्याशिवाय त्यांचा दसरा होत नाही. चूक कुणाचीही होते. पण कागद परत चिकटवला!

तिला गाठलं. मान खाली घालून म्हणाली, "मला लगेच कळलं गं. पण सांगितलं असतं तर सरांनी मला काढलं असतं."

"आणि मला काढलं ते चाललं?"

"तू हुशार हायस. तुला काय, दुसरं मिळंल."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. सरांनी काढलं त्या दिवशी मी रडत होते, तेव्हा हीच शेजारी बसून माझे डोळे पुसत होती. आणि मी येडी! बिचारीचं कुठं अडायला नको, म्हणून तिथंच वही उघडून सगळा प्रयोग तिला शिकवत बसले.