अर्थिंगचा खड्डा

स्वयंपाकघरात नवीन कपाट आलंय, असं आईने सगळ्या बिल्डिंगला सांगून टाकलं होतं. कपाट कसलं, विजेवर चालणारी रेंज होती ती. वर चार शेगड्या, खाली भट्टी, पांढराशुभ्र पत्रा. माझ्या भावाने सुट्टीवर येताना आखातातून आणली होती. मुलुंडला तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या, गॅसचा नंबर काही केल्या लागत नव्हता आणि स्टोव्हला पंप मारून मारून आईचे खांदे भरून येत. ते त्याला बघवत नव्हतं. परत जाताना त्याने वडिलांना दोनदा बजावलं की घाईने कुठल्याही प्लगला लावू नका, माणूस बोलावून नीट बसवून घ्या.

लपवायचं कारण म्हणजे वरच्या मजल्यावरच्या काकू. त्या मालवणकडच्या. आईची बिल्डिंगमधली एकुलती एक जिवाभावाची मैत्रीण. कडी न वाजवता थेट ओट्यापर्यंत यायच्या, डबे उघडून बघायच्या आणि काही आवडलं नाही तर तोंडावर सांगायच्या. त्यांच्या मुलाने आणि माझ्या भावाने आखातात जायची धडपड बरोबरच सुरू केली. माझ्या भावाचा व्हिसा आला. त्यांच्या मुलाला एजंटाने झुलवत ठेवलं आणि एके दिवशी त्याच्या ऑफिसला कुलूपच दिसलं. एवढं होऊनही भाऊ निघाला तेव्हा त्याच्या हातावर दही घालायला काकूच आल्या होत्या. त्या बाईसमोर ही चकचकीत वस्तू कशी मिरवायची, हा आईचा प्रश्न. टेम्पो आला तेव्हा काकू शिमग्याला गावी होत्या. बरंच झालं, असं म्हणून आईने रेंजवर जुनी चादर टाकली.

स्टेशनजवळच्या दुकानातून वायरमन आला. आमच्या घरातल्या तारा बघून तो हसलाच. पंखे आणि दिवे ठीक, पण ही रेंज ओढायला लागली तर भिंतीतली तार जळेल, म्हणाला. मीटरपासून जाड तारेची वेगळी लाइन हवी, वेगळा मेन स्विच हवा आणि सगळ्यात आधी अर्थिंग हवी. बिल्डिंगची अर्थिंग नावापुरतीच होती. रेंजच्या पत्र्यात कधी वीज उतरली, तर ती बाईच्या अंगातून न जाता तारेतून जमिनीत गेली पाहिजे, असं त्याने समजावलं. हे आईला पटलं, कारण ती ओल्या हातांनी आणि अनवाणी स्वयंपाक करायची. चपला घालून ओट्याशी उभं राहणं तिला जन्मात जमलं नसतं.

खिडकीमागच्या मोकळ्या जागेत खड्डा खणायचं ठरलं. तळाला तांब्याचा पत्रा उभा करायचा, त्याला जोडलेली जाड तार भिंतीतून आत न्यायची आणि वरून कोळसा आणि मीठ यांचे थर भरायचे. वायरमनला शनिवार मोकळा होता. खड्डा अर्धा झाल्यावर आईचं कॅलेंडरकडे लक्ष गेलं आणि ती चरकली. अमावास्या होती. पण वायरमन काही थांबायला तयार नव्हता.

दुपारी तो आत भिंतीला भोक पाडत होता. आई बाहेर खड्ड्याशी बसून जाडं मीठ ओंजळीओंजळीने टाकत होती. हात कामात असले की ओठांतल्या ओठांत स्तोत्र म्हणायची तिला सवय होती. काकू दोन दिवसांपूर्वीच गावाहून परतल्या होत्या. त्या कपडे काढायला गॅलरीत आल्या आणि त्यांनी खाली पाहिलं. काय चाललंय गो, म्हणून विचारलंही. आई दचकली आणि म्हणाली, काही नाही, मोरीचं काम आहे. मी शेजारीच उभी होते. आईला धड खोटंही बोलता येत नाही, असं वाटून मला त्याच वेळी कसंसंच झालं.

अमावास्येच्या दिवशी मीठ, कोळसा आणि तांबं जमिनीत पुरणारी आणि वर पुटपुटणारी बाई. काकूंच्या जागी कोकणातलं दुसरं कोणीही असतं तरी त्याने करणीचाच अर्थ लावला असता. त्यातच त्यांची सून गरोदर होती. त्या दिवसापासून काकू आमच्याकडे यायच्या बंद झाल्या. त्यांच्या दारावर लिंबू-मिरच्या लटकल्या. जिन्यात आम्ही दिसलो की सुनेला भिंतीकडच्या बाजूला घेऊन त्या पुढे जायच्या. आम्हाला काही कळेना. आईला वाटलं, रेंजची बातमी फुटली आणि त्या दुखावल्या. म्हणून तर ती आणखीच गप्प राहिली. माती ओली राहिली तरच वीज जमिनीत उतरते, म्हणून वायरमनने खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतायला सांगितलं होतं, ते काम मात्र ती न चुकता करायची, स्तोत्रासकट.

सुनेचं डोहाळजेवण ठरलं. आईने रेंजच्या भट्टीत पहिल्यांदाच नानकटाई केली. पहिला घाणा करपला, दुसरा झकास जमला. डबा भरला, ठेवणीतली साडी काढली आणि दोघी बोलावण्याची वाट बघत बसलो. वर बायका जमल्याचे आवाज येत होते, गाणी सुरू झाली. आम्हाला कोणी बोलवायला आलं नाही. समोरच्या बिऱ्हाडातली बाई जिना उतरताना आमच्या उघड्या दाराकडे बघून मान खाली घालून गेली. आईने साडी बदलली. ती नानकटाई आम्ही पुढे आठवडाभर चहाबरोबर खात होतो आणि मला तिचा प्रत्येक घास नकोसा झाला होता.

मग आठव्या महिन्यातच सून बाळंत झाली. मुलगा. इवलासा जीव, हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवलेला. आई वर विचारपूस करायला गेली तर दार किलकिलं झालं आणि लागलं. पुढे कानावर आलं की बाळ सावरतंय. आईने देवापुढे साखर ठेवली.

त्याच सुमारास आईला रेंजला हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या. वय झालं, म्हणून तिने सोडून दिलं. एका सकाळी भट्टीचं दार उघडताना तिचा हात असा काही झटकला गेला की ती मागे मांडणीवर आदळली आणि भांडी खाली आली. वडिलांनी मेन स्विच बंद करून वायरमनला आणलं. त्याने मेन क्षणभर चालू करून टेस्टर पत्र्याला लावला आणि टेस्टरचा दिवा लागला. शेगडीतून वीज पत्र्यात उतरते आहे, म्हणाला, पण अर्थिंग असताना बाईंना झटका कसा बसला? मेन पुन्हा बंद करून तो खिडकीमागे गेला आणि त्याने तार हलकेच ओढली. ती सरळ त्याच्या हातात आली. हातभर खाली कोणीतरी पकडीने पिळून तोडली होती. कोळसा-मीठ काढून नेलं होतं आणि वर माती पूर्वीसारखी थापून ठेवली होती.

तार कोणी तोडली, असं तो मोठ्याने विचारू लागला. खिडक्यांत डोकी जमली. काकू जिना उतरून आल्या. कोणी विचारल्यावर नाकबूल करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

"मी तोडलंय," त्या आईला म्हणाल्या. "तुया अमावाशेक मीठ-कोळसो पुरलंस. मी वरसून बघलंय. तार तोडलंय, तेव्हापासून पोर दूध प्येवक लागला."

 इतक्या महिन्यांचं कोडं आईला एका क्षणात उलगडलं असावं. माझं डोकं मात्र फिरलं. लहानपणापासून यांच्या हातचं खाल्लं, आणि या माझ्या आईला असं समजतात. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "काकू, त्या तारेवर माझ्या आईचा जीव होता. आज ती मेली असती."

वायरमनने मग सगळं समजावून सांगितलं, पण त्याची गरज नव्हती. काकूंचा चेहरा माझ्या वाक्यालाच उतरला होता. सत्तरीच्या एखाद्या बाईचा असावा तसा दिसायला लागला, आणि त्या पन्नाशीच्याही नसतील. मला बोललेलं परत गिळता आलं असतं तर बरं झालं असतं.

आईने त्यांचा हात धरला आणि सगळ्यांच्या देखत आत नेलं. मीही मागोमाग गेले. वायरमन बाहेर जाताच सवयीने रेंजवर टाकलेली चादर तिने ओढून काढली.

"हे लपवत होते," ती म्हणाली. "तुझ्या मुलाचं तसं झालं. तुझ्यासमोर कसं मिरवायचं, म्हणून."

काकूंनी रेंज वरपासून खालपर्यंत पाहिली. मग म्हणाल्या, "माका वाईट वाटात म्हणान? इतक्या वर्सांत तुका मी अशी दिसलंय?"

 दोघी एकमेकींकडे न बघता उभ्या होत्या. त्या खोलीत मी तेव्हा नको होते.

वायरमनने बिघडलेली शेगडी बदलली, नवी तार ओढली, खड्डा पुन्हा भरला. मीठ या वेळी काकूंनी घरून आणलं आणि बिल्डिंगच्या बायकांसमोर स्वतःच्या हातांनी टाकलं. टेस्टर पत्र्याला लावून त्याने आम्हा सगळ्यांना दाखवला. दिवा लागला नाही. आता बिनधास्त वापरा, म्हणाला.

आईने रेंज पुन्हा लावली नाही. हात पुढे नेला की मागे यायचा. झटक्याची भीती, असं ती सांगायची, पण तिला त्या पांढऱ्या पत्र्याचं तोंड बघवत नव्हतं. स्टोव्ह परत ओट्यावर आला, पुढे गॅसही आला, आणि रेंजवर पिठाचे डबे बसले.

काकूंनी मात्र खड्ड्यात पाणी घालायचं काम स्वतःकडे घेतलं. रोज सकाळी बादली घेऊन यायच्या, ओतायच्या आणि खिडकीकडे मान न उचलता जायच्या. पावसाळ्यातही आल्या. चिखलात पाय रुतवून, आधीच भिजलेल्या मातीवर पाणी ओतून गेल्या. घरात पाऊल टाकणं त्यांनी सोडलं होतं, नातवाला मात्र खेळायला पाठवायच्या. आई खिडकीच्या गजामागे, पेटलेल्या स्टोव्हपाशी उभी राहून बघायची. हाक मारावी असं तिच्या मनात येत असणार, कारण तिचे ओठ हलायचे. रेंज बंद आहे, आता पाणी घालायची गरज नाही, हे काकूंना सांगायला आम्हा कोणालाच तोंड नव्हतं. त्या वर्षानुवर्षं पाणी घालत राहिल्या.