भावोजींच्या डोक्याची राखण

आश्विन वद्य पंचमी, रविवार, सकाळी साडेदहा. मुंबई, गिरगावातला एक दवाखाना. हजर : परदेशातून शिकून आलेले डॉक्टर, त्यांचा कंपाउंडर, आमचे धाकटे भावोजी आणि मी. माझे यजमान रक्त बघवत नाही म्हणून दाराबाहेरच्या बाकावर, तेव्हा त्यांची हजेरी अर्धी. गैरहजर : भावोजींच्या डोक्याच्या पुढच्या भागावरचे केस, गेली दहा-अकरा वर्षं. अशी नोंद माझ्या वहीत आहे.

स्वतःच्या डोक्याशी भावोजींइतका सचोटीनं वागलेला माणूस आमच्या सबंध कुलाबा जिल्ह्यात झाला नाही, आणि पुढे होईल असं मला वाटत नाही. चौलला आमची नारळीची वाडी आहे. यजमान मुंबईत नोकरीला, त्यामुळे वाडी, सासूबाई आणि हे अविवाहित दीर असा सगळा कारभार माझ्याकडे. त्यांतली वाडी सांभाळायला सर्वांत सोपी. भावोजी केसांचं तेल करत. घरचं खोबरेल, बांधावरचा माका, विहिरीजवळची ब्राह्मी आणि कुंपणावरची जास्वंद हे सगळं मागच्या अंगणात मोठ्या लोखंडी कढईत मंद आचेवर दोन दिवस शिजे. त्या दोन दिवसांत कढईच्या आसपास कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, कुणी शिंकायचं नाही, आणि भांडायचं असेल तर वाडीच्या त्या टोकाला जायचं असा त्यांचा दंडक होता. भांडणानं तेलाला काळपट रंग येतो असं त्यांचं ठाम मत. एकदा मी आणि सासूबाईंनी त्यांच्या कढईपायी तीन दिवसांचं भांडण साठवून ठेवलं आणि चौथ्या दिवशी दोघींनाही ते कशावरून होतं ते आठवेना.

गावात कुणाचा चेहरा त्यांच्या लक्षात राहत नसे, पण केस राहत. देवळात उत्सवाला गेले की बायकांच्या रांगेकडे टक लावून पाहत उभे राहायचे. एका नव्या सुनेच्या सासऱ्यांनी यावरून त्यांना हटकलं, तेव्हा भावोजी जराही न ओशाळता म्हणाले, “मी सूनबाईंकडे पाहत नव्हतो, अंबाड्याकडे पाहत होतो. मुळं कोरडी पडली आहेत. उद्या बाटली पाठवतो.” दुसऱ्या दिवशी बाटली गेलीच, आणि महिनाभरानं ते सासरे स्वतः दुसरी न्यायला आले.

आणि या माणसाला पंचविशीत टक्कल पडलं. कानांवर आणि मानेवर दाट केस, मधला सगळा प्रांत मोकळा. रेवदंड्याच्या बाजारात बाटल्या मांडून बसले की एखादी कोळीण हमखास विचारायची, “भाऊ, तुमच्या डोक्याला कवा लावणार?” दुसरा कुणी असता तर टोपी घालून बसला असता. भावोजी उघड्या डोक्यानं बसत आणि उलट सांगत की तेल असलेल्या केसांना पोसतं, नसलेले आणत नाही. हेच त्यांनी बाटलीच्या चिठ्ठीवरही छापून घेतलं होतं. परिणामी तेल फारसं खपत नसे. यजमानांनी शेवटी निक्षून सांगितलं की शिमग्यापर्यंत वाट पाहीन; तेलाचं नीट बस्तान बसलं तर ठीक, नाहीतर माझ्या ऑफिसात कारकुनाची जागा बघून ठेवली आहे, बिऱ्हाड मुंबईला हलवायचं. भावोजींनी एवढंच विचारलं की तुमच्या खोलीत कढई कुठे ठेवायची. यजमान म्हणाले, “कढई येणार नाही.” त्या रात्री भावोजी जेवले नाहीत.

त्यांच्या शाळेतला एक सोबती वर सांगितलेल्या दवाखान्यात कंपाउंडर होता. त्यानं कळवलं की आमचे डॉक्टर मानेवरचे केस मुळांसकट काढून टकलावर लावतात, नवीन विद्या आहे, आणि परत परदेशी जाण्याआधी त्यांना हात बसवायला डोकी हवी आहेत. भावोजींनी पत्र तीनदा वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. नवरदेव दिसायची त्यांना हौस नव्हती. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. “वहिनी, इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या केसांवर प्रयोग करतो आहे. लोक खरं सांगत नाहीत, बायका तर संकोचानं मुळीच सांगत नाहीत. कानांवरचे केस तेलावाचूनही वाढतात, त्यांची साक्ष चालत नाही. माझ्या टाळूवर चार केस आले तर मला माझं तेल स्वतः कळेल.” स्वतःच्या तेलाची परीक्षा घेण्यासाठी ज्यानं डोक्याची कातडी कापून घेतली असा हा एकटा माणूस.

डॉक्टरांनी मानेवरून मसुराच्या डाळीएवढ्या गोल चकत्या काढल्या आणि पुढे तेवढीच भोकं पाडून त्यांत बसवल्या. भावोजी शुद्धीवर होते आणि परदेशात लोक डोक्याला कोणतं तेल लावतात याची चौकशी करत होते. काम संपल्यावर डॉक्टर सूचना देऊ लागले. भावोजींना तोवर औषधाची गुंगी आली होती, यजमान बाकावर, त्यामुळे त्या मी लिहून घेतल्या. पालथं झोपायचं नाही, दोन उशांवर टेकून झोपायचं. मान खाली घालून वाकायचं नाही. ऊन, घाम आणि धूळ टाळायची. कितीही खाज आली तरी नख लावायचं नाही, खपल्या आपोआप पडू द्यायच्या. पाचव्या दिवसापासून उकळून कोमट केलेलं पाणी तांब्यानं हलकेच सोडायचं, चोळायचं नाही. कंगवा नाही, टोपी नाही, तंबाखू नाही, आणि तीन महिने डोक्याला तेल नाही. शेवटच्या सूचनेला भावोजींनी गुंगीतही कण्हल्याचं मला आठवतं.

परतताना रेवसच्या लाँचमध्ये खाऱ्या वाऱ्याचा प्रश्न आला. मी छत्री आडवी धरली आणि तांडेलाला सांगितलं की फवारा अंगावर येणार नाही अशी लाँच ने. तो म्हणाला, “बाय, समिंदराला सांगून बघतो.” घरी आल्यावर यादी ओटीवरच्या खांबाला लावली आणि माझी खरी कामगिरी सुरू झाली. आमच्या दारांच्या चौकटी बुटक्या. वाकायचं नाही आणि आपटायचंही नाही, म्हणून प्रत्येक चौकटीला भाताच्या पेंढ्याची जाड वेणी बांधली. वाडीत नारळ केव्हा पडेल सांगता येत नाही, म्हणून पाडेली बोलावून विहिरीच्या वाटेवरच्या सगळ्या झाडांचे नारळ उतरवून घेतले. भावोजींना परसात जायचं झालं की पुढे मी, मागे छत्री धरलेले भावोजी, आणि सर्वांच्या मागे कावळे हाकायला काठी घेतलेल्या सासूबाई अशी आमची मिरवणूक निघे. तिसऱ्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांत उतरली. सासूबाईंनी त्यांना पाहून देवापाशी निरांजन लावलं. मी कपाळावर गार पाण्याच्या घड्या ठेवल्या, वर लावलेल्या भागाला धक्का लागू न देता, आणि दोन दिवसांत डोळे जागेवर आले. पाचव्या दिवशी पहिलं पाणी सोडलं तेव्हा भावोजी म्हणाले की डोकं आपलं वाटतच नाही, शेजाऱ्याचं मांडीवर घेतल्यासारखं वाटतं.

नवव्या दिवशी नरकचतुर्दशी आली. हा दिवस माझ्या यादीत नव्हता. पहाटे मी उठले तो सासूबाई गरम तेलाची वाटी घेऊन पाटापाशी उभ्या. आमच्या घरात अभ्यंगाशिवाय कुणी राहिलेलं नाही. जो राहील तो नरकात, हे त्यांच्या लेखी रेवसच्या लाँचच्या वेळेइतकं निश्चित. शिवाय तेल भावोजींनीच केलेलं. मी खांबावरच्या यादीकडे बोट केलं. त्या म्हणाल्या, टाळूवर एक थेंब. मी म्हटलं, अर्धाही नाही. त्या म्हणाल्या की डॉक्टर नरकात जाऊन आलेत का. भावोजी पाटावर ताठ मानेनं बसले होते. वाकून कुणाची समजूत काढायचीही त्यांना परवानगी नव्हती. शेवटी मीच सासूबाईंना सुचवलं की तळपायाला लावलेलं तेल मस्तकापर्यंत पोचतं असं तुम्हीच नेहमी म्हणता. त्या वाटी घेऊन खाली बसल्या. भावोजींनी घाईनं पाय ओढून घेतले. आईनं आपल्या पायांना हात लावायचा, याची त्यांना शरम वाटली. “आण इकडे,” सासूबाई म्हणाल्या. “पाळण्यात होतास तेव्हा काय मी परवानगी मागत होते?” आणि छत्तिशीच्या मुलाचे तळपाय त्यांनी अर्धा तास चोळले. मी चूल पेटवण्याचं निमित्त करून आत गेले.

बाराव्या दिवशी खपल्या पडल्या आणि खाली गुलाबी कातडीत उभे केस दिसले. भावोजींनी ते मोजायला सुरुवात केली, मी आरसा काढून घेतला. गाव बघायला येऊन गेलं. आणि मग तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी उशीच्या अभ्र्यावर केस सापडले. दुसऱ्या दिवशी आणखी. दहा दिवसांत पुढचं डोकं पूर्वीसारखं मोकळं झालं. लावलेला एकूण एक केस गेला. सासूबाईंनी तेलाची वाटी घासून फडताळात ठेवली, आणि ती ठेवताना माझ्याकडे पाहिलं. भावोजींनी कढई चिंचेनं लख्ख घासली, तिला आतून तेलाचा हात फिरवला आणि गोठ्यात उपडी घातली. मुंबईला न्यायची ट्रंक माळ्यावरून खाली आली. तेल अडवणारी मीच होते, म्हणून त्या दिवसांत यादीकडे बघायचंही मी टाळत असे.

भातकापणीला येणारी यमुना एकदा ओटीवर पाणी प्यायला बसली. भावोजींच्या डोक्याकडे तिनं नीट पाहून घेतलं, आणि त्यांचं तोंड का उतरलं आहे ते मी तिला सांगितलं. ती हसायला लागली. “वैनी, भाताची आवनी केल्यावर रोप पिवलं परतं का न्हाय? पात सुकते, पन मातीखाली मूल जित्तं असतं. मंग नवी पात फुटते. तुमी काय शेत सोरून पलालाव?”

तेव्हा मला आठवलं. डॉक्टर हेच म्हणाले होते. अगदी शेवटी, हात धुताना : तीन आठवड्यांनी हे सगळे गळतील, घाबरू नका, मुळं आत राहतात, तीन-चार महिन्यांनी नवे येतील. मी ऐकलं होतं, आणि लिहिलं नव्हतं. कारण त्यात करण्यासारखं काही नव्हतं. माझी यादी कामांची होती, आणि वाट पाहणं हे मी कधी काम धरलंच नव्हतं.

मी तशीच गोठ्यात गेले आणि भावोजींना सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं. ते उपड्या कढईवर बसले आणि म्हणाले, “वहिनी, यादीत नव्हतं म्हणजे तुमची चूक नाही. मी तर गुंगीत होतो.” मग उठले आणि ट्रंक पुन्हा माळ्यावर ठेवून आले.

माघात पहिला केस दिसला. तो मी पाहिला, म्हणून तारीख आणि वेळ वहीत आहे. मग आठवड्याआठवड्याला पेरल्या ओळी वर येऊ लागल्या. काही ठिकाणी झुपके, मधे जराशी बांधासारखी मोकळी पट्टी, पण केस काळेभोर आणि पक्के. शिमग्याला यजमान मुंबईहून आले ते कारकुनाच्या जागेचा कागद हातात घेऊनच. अंगणात सासूबाई, यमुना, शेजारपाजार, सगळे जमले होते. यजमानांनी भावाच्या डोक्यावरून उलटा हात फिरवला, एक केस धरून ओढून पाहिला. भावोजी ओरडले. यजमानांनी कागद घडी घालून पुन्हा खिशात ठेवला आणि कढई कुठे आहे असं विचारलं. त्या दिवशी भावोजींनी आयुष्यात पहिल्यांदा आपलं तेल आपल्या टाळूवरच्या केसांना लावलं. म्हणजे लावलं सासूबाईंनी. ते डोळे मिटून बसले आणि एखादा गवई चीज ऐकतो तसे ऐकत राहिले. सगळा गाव निकालाची वाट पाहत होता. डोळे उघडून ते म्हणाले, “माका जास्त झाला आहे.”

पुढच्या बाजाराला रेवदंड्यात त्यांच्यापुढे ही गर्दी. लोकांना वाटलं तेलानंच केस आले. भावोजी बाकावर चढून प्रत्येकाला सांगत होते की केस डॉक्टरांचे आहेत, तेल माझं आहे, आणि अजून सुधारायचं आहे. इतका खरं बोलणारा दुकानदार पाहून लोकांनी उरलेल्या बाटल्याही नेल्या. त्यातली शेवटची त्या जुन्या कोळणीनं नेली, आणि जाताना स्वतःच्या हातानं त्यांच्या डोक्यावर थापटून गेली. भावोजी मुंबईला गेले नाहीत. कढई आजही मागच्या अंगणात शिजते आहे.

सासूबाई त्यानंतर दोन दिवाळ्या पाहून गेल्या. आता घरात भावोजी आणि मी. भांडायला तिसरं माणूस नाही, त्यामुळे तेलाला रंग सुरेख येतो. गेल्या आठवड्यात यजमानांचं पत्र आलं. चार ओळी खुशालीच्या, आणि खाली बारीक अक्षरांत, त्या डॉक्टरांचा पत्ता मिळेल का अशी विचारणा : ऑफिसात पंख्याखाली बसलं की डोक्याला वारा जास्तच लागतो. डॉक्टर केव्हाच परदेशी निघून गेले, हे कळवायला हवं. नोकरीची आता थोडीच वर्षं राहिली आहेत, ती सोडून वाडीत या, असंही लिहावंसं वाटतं, पण इतक्या वर्षांत तसं कधी लिहिलेलं नाही. भावोजी रोज संध्याकाळी विचारतात, दादाला उत्तर गेलं का. कागद काढून ठेवला आहे, तारीख घातली आहे. उत्तर अजून लिहायचं आहे.