अक्काचा निळा जाळ

अक्का कमरेला पैशांची चंची खोचत नसे, आगपेटी खोचत असे. गोबरगॅसबद्दल कुणी शंका काढायचा अवकाश, की ती त्याचं मनगट धरून थेट स्वयंपाकघरात न्यायची. "चाल, पेटाडी दखाडस." मग शेगडीचा कान पिळायची, काडी ओढायची आणि फुललेल्या निळ्या जाळाकडे अशी बघायची, की तो जणू तिच्याच पोटचा आहे. पाहुणा सरपंच असो की बोहारीण, हा विधी झाल्याशिवाय चहा मिळत नसे.

मी तेव्हा अमळनेर तालुक्यात गोबरगॅसचा प्रचार करत गावोगाव हिंडायचो. नोकरी नवी, सायकल जुनी आणि भाषण तोंडपाठ. अक्का माझी पहिली गिऱ्हाईक. नवरा गेल्यापासून शेती, बैल, म्हशी सगळं तीच बघायची. मला ती 'साहेब' म्हणायची आणि अरे-तुरे करायची. दोन्ही एकाच दमात.

तिची टाकी भरून गॅस धरला, तेव्हा मी गाव गोळा केलं. 'धुरापासून मुक्ती' या विषयावर घाम फुटेपर्यंत बोललो आणि काडी लावली. काडी विझली. दुसरी लावली, तीही विझली. टाकीत पहिल्यांदा जमतो तो गॅस जळत नाही, तो सोडून द्यायचा असतो, हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. त्या दिवशी मी बहुधा जेवणानंतरच्या तासाला झोपलो होतो. पेटी अर्धी झाली, तरी शेगडी ढिम्म. लोक हसायला लागले. अक्का मात्र शांतपणे म्हणाली, "साहेब, भाषण आयकीसन पेटाले तो काय शाळानं पोरगं शे? नवा शे अजून. रांगू दे त्याले." पुढच्या आठवड्यात तो रांगला, उभा राहिला आणि त्यावर पहिला चहा तिने मलाच दिला.

खरी अडचण पाण्याची होती. टाकीत शेण घालायचं तर तेवढंच पाणी कालवावं लागतं, आणि त्या भागात उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी बादली खरडल्याचा आवाज यायचा. मी कागदावर हिशेब मांडत बसलो, तोवर अक्काने घरातलं पाणी दोनदा वापरायला सुरुवात केली होती. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, म्हशींच्या डोणीत उरलेलं, सगळं टाकीच्या तोंडाशी. टाकीतून बाहेर पडणारा शेणाचा काला कपाशीला खत म्हणून. बाभळीच्या काट्या आणायला तिची लेक लता जायची, ते बंद झालं आणि तिच्या हातांवरचे ओरखडे बुजले.

पण अक्का आंधळी भक्त नव्हती. एकदा प्रचाराच्या भरात मी तिच्याच शेगडीवर वांगी भाजून भरीत केलं. खानदेशात भरिताची वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात, हे जळगावात वाढलेल्या मला माहीत नव्हतं असं नाही. पण विज्ञानापुढे चव काय, असं मला वाटलं. अक्काने एक घास खाल्ला आणि ताटली म्हशीपुढे ठेवली. म्हैसही विचारात पडली. "भरीतले धूर लागस," अक्का म्हणाली. "बाकी बठ्ठं गॅसवर, भरीत अंगणमा." हा तह शेवटपर्यंत टिकला.

मग तिने संडासाचं काढलं. गावातल्या बायका पहाटे अंधारात आणि संध्याकाळी अंधारात नाल्याकडे जायच्या. मधला सगळा दिवस पोट आवळून. एका पावसाळ्यात लता नाल्यात घसरली आणि महिनाभर लंगडत होती. अक्का मला म्हणाली, "हिले घरमा संडास पाहिजे." मी उत्साहाने सांगितलं, की तो गोबरगॅसलाच जोडता येतो. खड्डा वेगळा नको, वर गॅस जास्त. तिने जोडला.

आणि गाव बिथरलं. जे लोक शेगडी बघायला रांग लावत, ते तिच्या दारावरून नाक धरून जायला लागले. तेही एक वेळ चाललं असतं, पण लता लग्नाची झाली होती. तिला बघायला येणारी मंडळी वेशीवरच्या पानटपरीपर्यंत यायची, टपरीवाल्याकडून सगळी हकिगत ऐकायची आणि तिथूनच मागे फिरायची. अक्काला लोक म्हणाले, जोडणी तोडून टाक. ती म्हणाली, "तोडसू नही." पण त्या दिवसांत ती शेगडी लावताना जाळाकडे बघत नसे.

अशात चाळीसगावकडचं एक स्थळ आलं. मंडळी जीपने आडवाटेने थेट दारात उतरली, त्यामुळे टपरी चुकली. मी नेमका तिथे होतो. अक्काने मला गोठ्यामागे नेऊन बजावलं, "पहिले पोरगीले देखू दे. सुपारीना आगोदर मी सोता बठ्ठं सांगसू. तू तोंड उघाडू नको. फक्त जेव."

मी जेवत होतो. शपथेवर सांगतो, फक्त जेवत होतो. पण मुलाचे वडील भाकरी मोडता मोडता म्हणाले, "काय भाकर शे! जरा बी धुराना वास नही." आता हे वाक्य माझ्यासमोर बोलणं म्हणजे बैलाला लाल फडकं दाखवणं. मी घास गिळला आणि सुरू झालो. गोबरगॅसचे फायदे, शेण, पाणी, सरपणाची बचत. अक्का डोळे वटारत होती, ते मला कौतुक वाटलं. शेवटी मी म्हणालो, "आणि विशेष म्हणजे, याला संडासही जोडलाय!" टपरीचं राहिलेलं काम मी पूर्ण केलं होतं.

वडिलांचा हात ताटाच्या वर थांबला. "म्हंजे... माणूसनं बी?"

अजूनही सावरता आलं असतं. मी म्हणालो, "हो! त्यात गॅस उलट जास्त निघतो."

त्यांनी ताट सरकवलं. सोबतच्या पुरुषांनीही सरकवलं. दाराआड उभ्या लताच्या हातातली भाकरी तिथेच राहिली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, पण तिथेही टाकीच होती.

अक्काने माफी मागितली नाही. ती समोर येऊन बसली. "इवाई, तुमना मळामा सोनखत टाकतस ना, माणूसना मैलानं? त्या मळानी वांगी घरमा खातस ना? खाताना इचारतस का, हाई खत कोनं शे म्हनीसन? आनि हाऊ तं नुसता जाळ शे."

मग मुलाची आई उठली. इतका वेळ ती आतल्या बाजूला डोक्यावर पदर घेऊन गप्प बसली होती. "कोठे शे ते? माले दखाडा."

दोघी मागच्या अंगणात गेल्या. आम्ही पुरुष सरकवलेल्या ताटांसमोर एकमेकांचे गुडघे बघत बसलो. बऱ्याच वेळाने त्या परतल्या. मुलाच्या आईने आल्या आल्या तांब्याभर पाणी मागितलं आणि उभ्यानेच संपवलं. मग नवऱ्याला म्हणाली, "सकायपासून पानी पेल नही मी. दुसराना गावले बाईमाणूस पानी पेत नही, हाई ठाऊक तरी शे का तुम्हले?" ताटावर बसून तिने हाक मारली, "गरम भाकर आन व पोरी. ज्याले खानं नसी, त्यानी उठा."

कुणीच उठलं नाही.

सुपारीच्या वेळी मात्र अक्का अडून बसली. "जठे संडास नही, तठे मनी आंडेर मी देत नही. पहिले बांधा, मंग वरात आना." मुलाचे वडील म्हणाले, आम्हाला यातलं काय कळतंय? अक्काने माझ्याकडे बोट केलं. "हाऊ साहेबले लई जा. बोलानी हौस शे त्याले, जराखं कामले बी लागू दे." दुसऱ्या तालुक्यात, रजा काढून, मी त्यांच्या दारात संडास जोडलेला प्लँट उभा केला. लग्न एक हंगाम लांबलं. नव्या टाकीत चालू टाकीतला काला घातला, की गॅस लवकर धरतो. दुधाला विरजण लावावं तसं. लताच्या पाठवणीला ट्रॅक्टरवर रुखवताशेजारी अक्काच्या टाकीतल्या काल्याचे दोन डबे होते. वऱ्हाडी नाक मुरडत होते. अक्का रडत होती आणि रडता रडता डबे नीट बांधले की नाही ते बघत होती.

अक्का गेली तेव्हा माझी बदली साक्रीकडे झाली होती. बातमी उशिरा कळली. लताला भेटायला चाळीसगावकडे गेलो. तिच्या गल्लीत आता घरोघरी टाक्या होत्या. निघताना तिने विचारलं, "तुमच्याकडे नवीन कुणी बांधतंय का?" मी म्हणालो, एक कुटुंब बांधतंय, पण आसपास चालू टाकी नाही. ती उठली, मागे गेली आणि काल्याचा कॅन भरून आणला. "झाकण घट्ट लावू नका," एवढंच म्हणाली.

धुळ्याच्या एसटीत कंडक्टरने नाक वर करून विचारलं, "काय शे ह्यामा?" एरवी मी धुळ्यापर्यंत त्याला सोडला नसता. त्या दिवशी मी फक्त तिकीट मागितलं. कॅन पायाशी ठेवायचा तो मी मांडीवर घेतला. उन्हाने तो कोमट झाला होता. बाहेर कोरडी शेतं मागे पळत होती. बऱ्याच वेळाने हाताखाली काहीतरी हललं. कॅनचं झाकण हळूच वर उचललं गेलं आणि पुन्हा खाली बसलं.